मोगल, पण दिल्लीचे नव्हेत

मोगल म्हटले की आम्हां वऱ्हाडच्या माणसांना बाळापूर आठवते. १५९६ साली वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीकडून मोगलांकडे गेले. शाहजादा मुरादाने बाळापूरजवळ शहापूर वसविले. मिर्झाराजे जयसिंगाची छत्री तर आजही तेथे उभी आहे. पण जगात आणखी एक मोगल आहेत. ते बर्फाचे असतात, आणि त्यांच्यावरून माणसे रोज आपटतात!

माझा एक जुना विद्यार्थी सैन्यात आहे. गुलमर्गला तो बर्फावरून घसरण्याचे, म्हणजे स्कीइंगचे, शिक्षण घेतो. त्याने आमच्या जठारपेठेच्या पत्त्यावर पत्र धाडले : "गुरुजी, स्वतःची स्की घ्यायची आहे. घरी पैसे पाठवून जे उरते, त्यात एकच जोडी बसते. सपाट उताराची घेऊ की मोगलांची? आणि यांना मोगल का म्हणतात?" दुसरा प्रश्न माझ्या धंद्यातला, पहिला नव्हे. पण इतिहास चाळला तेव्हा दोन्हींची उत्तरे शेजारी शेजारीच सापडली.

स्की हे मूळचे चैनीचे साधन नव्हे. स्वीडनमध्ये काल्व्हट्रेस्क येथे सापडलेली लाकडी स्की सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची आहे. शिकारीला जायचे, शेजारगाव गाठायचे, तर पायाला फळ्या बांधल्यावाचून गत्यंतर नव्हते. नॉर्वेतील टेलेमार्कच्या सोंद्रे नूरहाइम या गरीब माणसाने फळीला कंबर दिली : दोन्ही टोके रुंद, मध्य अरुंद. अशी फळी कडेवर कलविली की वाकते आणि आपणहून वळण घेते. १८६८ साली त्याने क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथे आपले कौशल्य दाखविले. पुढे साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनरने १९२६ मध्ये फळीच्या कडांना पोलादी पट्टी लावली. त्यामुळे कठीण बर्फावर पकड आली. १९५० मध्ये हॉवर्ड हेड या अमेरिकन विमान-अभियंत्याने ॲल्युमिनियमचे पत्रे व लाकूड एकत्र जोडून स्की विकावयास काढली. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कारखान्याने नूरहाइमची ती कंबर चांगलीच बारीक केली, आणि वळणे सोपी झाली.

आता मोगल. उतारावरून शेकडो लोक एकाच जागी वळतात, वळताना बर्फ खरवडतात, आणि खरवडलेल्या बर्फाचे ढीग साचतात. गंमत अशी, की हे ढीग हळूहळू डोंगर चढतात! घसरणारा एका ढिगाची खालची बाजू खरवडतो आणि तो बर्फ पुढच्या ढिगाच्या वरच्या बाजूला टाकतो. ऑस्ट्रिया-बव्हेरियाच्या बोलीत टेकाडाला 'मूगल' म्हणतात. इंग्रजांच्या तोंडी त्याचा मोगल झाला, असे मानतात. अकबर-औरंगजेबाचा यात काडीइतकाही संबंध नाही. शब्द सारखा दिसला म्हणून सोयरीक जुळवू नये, हा धडा माझ्या वर्गातल्या मुलांनाही उपयोगी आहे.

यंत्राने दाबून विंचरलेल्या उतारावर बारीक कंबरेची, ताठ, आत धातूचा पत्रा असलेली स्की उत्तम. तिची वळणाची त्रिज्या बहुधा १२ ते १७ मीटर असते, आणि वेगातही ती थरथरत नाही. हीच स्की मोगलांत नेली, तर ताठ शेपूट ढिगात अडकते आणि स्वाराला फेकून देते. खास मोगलांची स्की जवळजवळ सरळ, मध्ये सुमारे ६५ मिलिमीटर रुंद, हलकी आणि पुढून लवचीक असते. पण सपाट उतारावर ती कडेने वळावयास लवकर तयार होत नाही.

आमच्या मल्लखांबाचेही असेच. पुरलेला, टांगता आणि दोरीचा, तिन्ही निराळे. एकावरची पकड दुसऱ्यावर चालत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला गेले आणि ऑलिंपिकच्या निमित्ताने तेथे देशी व्यायामाची प्रात्यक्षिके केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याच जर्मनीत, गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथे डोंगरउताराचे स्कीइंग प्रथमच ऑलिंपिकमध्ये आले होते. मोगलांच्या शर्यतीला मात्र पदके मिळावयास १९९२ उजाडले.

मी त्याला लिहिले : "बाबा रे, एकच घ्यायची तर दोन्ही टोके सोड. मध्ये सुमारे ८० मिलिमीटर, फार ताठ नाही, फार लेची नाही, शेपूट जरा नरम, अशी घे. सपाटीवर ती सर्वांत वेगवान ठरणार नाही, मोगलांत सर्वांत चपळही नाही. पण दोन्हीकडून तुला पायावर उभा घरी आणील. आणि पायाची पकड सोडणारा खटका जाणत्याकडून तुझ्या वजनाप्रमाणे लावून घे. त्यात मात्र काटकसर नको. फळी पुन्हा मिळते, गुडघा मिळत नाही."