नव्वद व्होल्टची नळी

आकाशातली वीज टेलिफोनच्या तारेतून एक्स्चेंजमध्ये शिरू नये म्हणून पूर्वी कार्बनच्या दोन ठोकळ्यांमध्ये केसाएवढी फट ठेवत. तारेतला व्होल्टेज भलताच चढला की फटीत ठिणगी पडे आणि लाट जमिनीत उतरे. पण दर ठिणगीला कार्बन झडे, त्याची भुकटी फटीत अडके आणि लाइनवर खरखर सुरू होई.

दुसरी अडचण खुद्द हवेची. ठिणगीला किती व्होल्ट लागतील हे वायूचा दाब आणि फटीचं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं, असं फ्रिडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ साली दाखवलं. फट कमी करत गेलं की हा व्होल्टेज उतरतो, पण एका तळानंतर पुन्हा चढू लागतो. हवेचा तळ सुमारे ३३० व्होल्टचा. त्याखाली ठिणगी हवी, तर हवाच हद्दपार करायला हवी! म्हणून फट बंद नळीत गेली आणि आत निऑन, आर्गॉनसारखे निष्क्रिय वायू आले. आधी काचेची असलेली नळी पुढे सिरॅमिकची झाली. अशा नळ्या ९० व्होल्टलाही पेटतात.

मात्र हे ९० व्होल्ट संथ चाचणीतले आहेत, सेकंदाला शंभरेक व्होल्ट चढवत मोजलेले. विजेची लाट तेवढा धीर धरत नाही. मायक्रोसेकंदाला १००० व्होल्ट वेगाने चढवलं, तर तीच नळी पाच-सहाशे व्होल्टला पेटू शकते. ठिणगीची सुरुवात करायला एखादा मोकळा इलेक्ट्रॉन लागतो आणि तो मिळेपर्यंत व्होल्टेज वर गेलेला असतो. हा उशीर कमी करण्यासाठी काही नळ्यांत ट्रिटियमसारखे किरणोत्सारी पदार्थ अल्प प्रमाणात घालत. नंतर सिरॅमिकच्या आतल्या भिंतीवर ग्रॅफाइटच्या रेघा ओढू लागले.

करंटच्या आकड्यालाही असाच संदर्भ लागतो. ‘५ किलोअँपिअर, ८/२०’ म्हणजे ८ मायक्रोसेकंदात शिखर गाठून २० व्या मायक्रोसेकंदाला निम्मी होणारी लाट. १०/३५० ची लाट तेवढ्याच शिखराची असली तरी कितीतरी जास्त विद्युतभार वाहून आणते. ८/२० पेलणारी नळी तिच्यापुढे टिकेलच असं नाही.

घरच्या २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्याचं शिखर ३२५ व्होल्ट. तिथे २३० व्होल्टची नळी थेट जोडली तर ती लाट नसतानाही पेटेल. शिवाय पेटलेल्या नळीवर जेमतेम १०-२० व्होल्ट उरतात, त्यामुळे मागून येणारा करंट तिला विझू देत नाही. म्हणून वीजपुरवठ्यावर नळीला व्हॅरिस्टरची, म्हणजे व्होल्टेजनुसार रोध बदलणाऱ्या घटकाची, जोड देतात. हॅम रेडिओत ५० ओहमच्या केबलवर १०० वॅट सोडले, की शिखर १०० व्होल्टचं येतं. तिथे ९० व्होल्टची नळी ऑपरेटरच्या स्वतःच्याच प्रक्षेपणाने पेटेल.