दानाची नोंद : नाणेघाटापासून फॉर्म ‘१० बी’पर्यंत

जुन्नरच्या भूमीला दान नवे नाही आणि दानाची नोंद तर मुळीच नवी नाही. कोकणातील बंदरांवरून आलेला माल नाणेघाट चढून या नगरीत येई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता, असे परंपरा सांगते. व्यापाराबरोबर परदेशी माणसे आली, स्थिरावली आणि त्यांनी येथे दानधर्मही केला. जुन्नर परिसरातील बौद्ध लेण्यांमध्ये तीन ‘यवन’ दात्यांचे शिलालेख आहेत. इरिल याने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिट याने संघासाठी भोजनमंडप दिला, तर चंद याने गाभाऱ्याचे दर्शनी काम करविले. दाता कोण, कोठला, त्याने काय दिले आणि कोणासाठी दिले, एवढे सर्व एका ओळीत सांगणारे हे लेख आहेत. सुमारे दोन हजार वर्षांनंतरचा सरकारी फॉर्म याहून फारसे वेगळे विचारीत नाही. फक्त रकाने वाढले आहेत.

जुन्नरचेच आणखी काही लेख सांगतात की, दान केवळ वस्तुरूपाने नव्हे, तर ठेवीच्या रूपानेही दिले जाई. बुरूडकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवावयाची आणि तिच्या उत्पन्नातून धर्मकार्य चालवावयाचे, अशी ही रीत होती. नाशिकच्या लेण्यात उषवदात याच्या लेखात तिचे सविस्तर वर्णन आढळते. तीन हजार कार्षापणांपैकी दोन हजार एका विणकर श्रेणीकडे आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे ठेवले, त्यांचे व्याज ठरविले, हे सर्व निगमसभेत वाचून दाखविले आणि फलकावर नोंदवून ठेवले, असे तो लेख सांगतो. मूळ धन अक्षय राहावे आणि व्याजच खर्चावे, हा ‘अक्षयनीवी’चा विचार आजच्या कॉर्पस निधीचा पूर्वज होय.

जैन परंपरेच्या खुणाही या जिल्ह्यात प्राचीन आहेत. मावळातील पाले येथील लेण्यात भदंत इंदरखिताचा उल्लेख असलेला लेख अर्हतांना नमस्कार करून आरंभतो आणि लेणे व पोढी दिल्याचे नोंदवितो. जुन्नरजवळ मानमोडीच्या डोंगरातील अंबा-अंबिका गटाचे नाव नेमिनाथांच्या शासनदेवीशी जोडले जाते आणि तेथे मागाहून कोरलेल्या जैन मूर्ती आहेत.

मध्यंतरीची अनेक शतके मंदिरांचे हिशेब पंचांच्या चोपड्यांत राहिले. त्या चोपड्यांकडे शासनाने प्रथम पद्धतशीरपणे पाहिले ते १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने. प्रत्येक सार्वजनिक न्यासाची नोंदणी, विश्वस्तांतील व मालमत्तेतील बदलांची खबर, लेखापरीक्षण आणि धर्मादाय आयुक्तांची देखरेख असा नवा काळ सुरू झाला. विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांत द्यावयाचा चेंज रिपोर्ट ही तेव्हापासूनची गोष्ट. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव येथील संघांच्या कपाटात पी.टी.आर. क्रमांकाचा जो जुना कागद जपलेला असतो, त्याचा उगम या कायद्यात आहे.

या कायद्याला पहिले मोठे आव्हान एका जैन देरासरच्या वहिवाटदारांनीच दिले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तत्कालीन मुंबई राज्यातील पंचमहाल जिल्ह्याचे रतिलाल पानाचंद गांधी यांचे म्हणणे मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च १९५४ मध्ये न्या. बी. के. मुखर्जी यांनी निकालपत्र लिहिले. देखरेख व हिशेबतपासणी यांचा शासनाचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. न्यासांकडून घेतली जाणारी वर्गणी हा कर नसून सेवेचे शुल्क आहे, असेही ठरविले. परंतु धर्मादाय आयुक्तांनाच धार्मिक न्यासाचे विश्वस्त नेमण्याची तरतूद आणि मूळ हेतू पूर्ण होण्याजोगा असतानाही न्यासाचे धन अन्य कामाकडे वळविण्याची मुभा या दोन्ही गोष्टी घटनेच्या विरुद्ध ठरविल्या. देवद्रव्य अन्यत्र वापरता येत नाही, हा जैन संघांचा आग्रह त्या दिवशी घटनेच्या चौकटीत मान्य झाला. पुढील सर्व पत्रव्यवहाराकडे या निकालाच्या प्रकाशात पाहिले पाहिजे. करखात्याची चुकीची मागणी आली, तर ती भागविण्यासाठी शेवटी देवद्रव्यालाच हात लावण्याची वेळ येऊ शकते. विश्वस्तांची झोप उडते ती रकमेपेक्षा या विचाराने.

आयकराच्या १९६१ च्या कायद्यात कलम ११ ते १३ यांनी धर्मादाय व धार्मिक न्यासांना सवलत दिली. १९७३ पासून त्यासाठी कलम १२ अ खालील नोंदणी आवश्यक झाली. त्यानंतर दीर्घ काळ विवरणपत्र कागदावर भरले जाई, ते स्थानिक अधिकारी पाहत आणि काही शंका आली तर मुनीमजी चोपड्या घेऊन पुण्यास जात. २००९ मध्ये बेंगळुरूचे केंद्रीकृत प्रक्रिया केंद्र स्थापन झाले आणि समोरचा माणूस हळूहळू नाहीसा झाला. संगणक विवरणपत्र, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि नोंदणी क्रमांक यांची पडताळणी करतो व काही जुळले नाही, तर सवलत नाकारून मागणीचे पत्र पाठवितो. खर्च झालेल्या पैशावरही कर मागितला गेल्याची उदाहरणे अनेक न्यासांच्या वाट्यास आली. २०२१ पासून जुन्या न्यासांना कलम १२ अब खाली पुन्हा नोंदणी करावी लागली. मुदती वारंवार वाढल्या, त्यांतील शेवटची ३० जून २०२४ होती. दशकांपूर्वीचे प्रमाणपत्र शोधून ते अपलोड करणे हे त्या काळातील एक मोठेच काम होते.

गुप्तदानाचा प्रश्न निराळा. २००६ च्या वित्त अधिनियमाने निनावी देणग्यांवर तीस टक्के कर आणला. पूर्णतः धार्मिक न्यास त्यातून वगळले गेले. धार्मिक व धर्मादाय अशा मिश्र न्यासांनाही वगळले, मात्र शाळा वा रुग्णालयासाठी म्हणून दिलेली निनावी देणगी कराच्या कक्षेत राहिली. भंडारात टाकलेले दान कोणाचे हे न विचारण्याची आपली रीत आणि दात्याचे नाव-पत्ता मागणारी कायद्याची रीत यांची गाठ येथे पडली. कायद्याने ती बऱ्याच समंजसपणे सोडविली, असे म्हणावे लागेल.

परदेशी देणग्यांच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. १९७६ च्या विदेशी अभिदाय विनियमन कायद्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली. तो १ मे २०११ पासून लागू झाला. त्याखाली केंद्रीय गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याखेरीज विदेशी देणगी घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीने अशी रक्कम प्रथम दिल्लीतील संसद मार्गावरील भारतीय स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच स्वीकारणे बंधनकारक केले. येथे महत्त्व राहण्याच्या ठिकाणाला नसून नागरिकत्वाला आहे. जुन्नरचा मुलगा अमेरिकेत नोकरी करीत असून त्याच्याजवळ भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली देणगी विदेशी ठरत नाही. त्याच्याच भावाने तेथील नागरिकत्व घेतले असेल, तर त्याची देणगी विदेशी ठरते, मग त्याच्याजवळ ओसीआय कार्ड असो वा नसो. एकाच घरातील दोन भावांनी एकाच जीर्णोद्धाराला दिलेल्या दोन रकमा अशा दोन कायद्यांखाली जातात. पावती फाडताना पासपोर्ट विचारणे अवघड वाटते, पण न विचारण्याची किंमत अधिक आहे.

ही बाब आयकराच्या फॉर्ममध्येही शिरली. फेब्रुवारी २०२३ च्या अधिसूचनेने लेखापरीक्षणाचे दोन अहवाल ठरविले : ‘१० बी’ आणि ‘१० बीबी’. ज्यांचे उत्पन्न सवलतीपूर्वी पाच कोटींहून अधिक, ज्यांना वर्षात विदेशी अभिदाय मिळाला किंवा ज्यांनी भारताबाहेर खर्च केला, त्यांनी ‘१० बी’ भरावयाचा. बाकीच्यांनी ‘१० बीबी’. म्हणजे लहानशा न्यासाला परदेशातून एक जरी विदेशी देणगी आली, तरी त्याचा फॉर्म बदलला. पूर्वी सर्वसाधारण न्यास ‘१० बी’च भरीत असत, त्यामुळे सवयीने अनेकांनी तोच भरला आणि काहींनी उलट चूक केली. देशभर इतके अहवाल चुकीच्या नमुन्यात गेले की, ५ मार्च २०२४ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला परिपत्रक काढून ३१ मार्चपर्यंत योग्य फॉर्म भरण्याची मुभा द्यावी लागली. चूक सर्वांची झाली, तेव्हा फॉर्मच नीट समजाविला गेला नव्हता, असेच म्हणावे लागते.

अशा पत्रास उत्तर देण्याची रीत १९६१ च्या कायद्यात ठरलेली होती. विवरणपत्र सदोष असल्याची सूचना आली, तर सामान्यतः पंधरा दिवस. सवलत कमी करण्याचा प्रस्ताव आला, तर तीस दिवस. त्या मुदतीत उत्तर गेले नाही, तर प्रस्तावाचेच रूपांतर मागणीत होई. त्यानंतर चूक दुरुस्तीचा अर्ज, आयुक्तांकडे अपील आणि विलंब माफ करण्याची विनंती हे मार्ग उरत. अहवाल भरण्यातील उशिराविषयी गुजरात उच्च न्यायालयाने सर्वोदय चॅरिटेबल ट्रस्टच्या प्रकरणात न्यासाची बाजू घेतली. तीस वर्षे काम करणाऱ्या आणि अटींची मूलतः पूर्तता करणाऱ्या न्यासाची सवलत केवळ मुदतीच्या कारणाने हिरावू नये, असे न्यायालयाने मानले. असे निकाल मिळवावयाचे तर हाती पुरावा हवा. पत्राची तारीख, पोर्टलवरची पोचपावती, लेखापरीक्षकाचा सही केलेला अहवाल आणि ठरावाची नक्कल एकत्र असलेल्या न्यासाचे काम सुकर होते. अनेकदा पत्र येते ते जुन्या सचिवांच्या ई-मेलवर आणि ते उघडले जाते मुदत संपल्यावर.

हा त्रास केवळ येथलाच नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांना परदेशी ट्रस्टशी व्यवहार झाल्यास किंवा परदेशातून मोठी भेट वा वारसा मिळाल्यास फॉर्म ३५२० भरावा लागतो. वारसा मिळाल्याचे प्रामाणिकपणे, पण उशिरा कळविणाऱ्या कुटुंबांवर तेथील करखात्याने यंत्रवत दंड बसविले. खुलासा आधी वाचावा, दंडाचा विचार मग करावा, अशी मागणी तेथील करदात्यांच्या अधिकृत कैवारी कार्यालयानेच लावून धरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भेटी व वारसा यांवरील हे आपोआप दंड थांबविण्याचे करखात्याने जाहीर केले.

२०२५ मध्ये संसदेने नवा आयकर अधिनियम संमत केला. त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. कलमांचे क्रमांक बदलले, १२ अ आणि १० बी ही ओळखीची नावे मागे पडली. जुन्या वर्षांच्या प्रकरणांना मात्र जुनाच कायदा लागू राहतो. म्हणून १९६१ च्या कायद्याखालील आदेश, पावत्या आणि पोचपावत्या यांचे गठ्ठे कपाटातून काढून टाकण्याची घाई कोणत्याही संघाने करू नये.