सीताफळ: बांधावरून बागेत

मी रेणापूरहून बोलतेय. आज इतिहास सांगणार आहे, पण राजाचा नाही, लढाईचा नाही. आपल्या बांधावरच्या सीताफळाचा.

सीताफळ नाव कसं पडलं, तर वनवासात सीतामाईनं खाल्लं म्हणून, असं आपल्या आज्या सांगत आल्या. अभ्यासक मात्र सांगतात की हे झाड मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते भारतात आलं, असं बहुतेक जण मानतात. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम या इंग्रज संशोधकाला मथुरेच्या जुन्या शिल्पांत सीताफळासारखं फळ दिसलं आणि तेव्हापासून वाद सुरू झाला. काही असो, मिरची, पेरू, पपई, भुईमूग हेही तिकडूनच आले आणि आपले झाले. सासरी आलेल्या सुनेचं नाव बदलावं, तसं आपण या फळाला सीतेचं नाव दिलं आणि त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या फळाला रामाचं.

या झाडाला बालाघाटचा डोंगर मानवला. रेणापूर, अंबाजोगाई, धारूर या पट्ट्यात बरड, मुरमाड रानं फार. सीताफळ उन्हाळ्यात पानं गाळून गप्प उभं राहतं. पानाला उग्र वास, म्हणून शेळी तोंड लावत नाही. पावसावर फळ पोसतं आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास तोडीला येतं. राखण नाही, पाणी नाही, फवारणी नाही. म्हणून कुणी त्याला पीक मानलं नाही, आणि म्हणूनच ते बायकांच्या हाती राहिलं. ज्वारी, तूर, सोयाबीनचा पैसा घरधन्याच्या हातात जायचा. सीताफळाची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसायची ती बाई. मिठामिरचीला, लेकराच्या वहीला तो पैसा कामी यायचा आणि त्याचा हिशोब तिला कुणी विचारत नसे.

आता जाती बघू. आपलं गावरान फळ लहान, बिया जास्त, पण गोडी आणि वास भारी. बाळानगर जात तेलंगणातल्या बाळानगर गावाच्या नावाची. १९५६ पर्यंत ते गाव आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. तिचं फळ मोठं, गर भरपूर, तोड साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. धारूर-६ ही आपल्या डोंगरातूनच निवडलेली जात, परभणीच्या कृषी विद्यापीठाची. अर्का सहन हा बंगळूरच्या संशोधन संस्थेचा संकर. बिया कमी, गोडी जास्त. बार्शी तालुक्यातल्या नवनाथ कसपटे यांची एनएमके-१, म्हणजे गोल्डन, उशिरा येते आणि तोडल्यावर जास्त दिवस टिकते, म्हणून लांबच्या बाजाराला चालते. रामफळाची वेळ वेगळी. ते होळी-रामनवमीच्या सुमारास पिकतं, साल गुळगुळीत, गर रवाळ.

फळाचे डोळे उघडले, मधल्या फटी पिवळसर झाल्या, की तोडायचं. कच्चं तोडलं तर ते आढीत काळं पडतं, पिकत नाही. गर उकळला की कडू होतो, म्हणून बासुंदी गार झाल्यावरच घाला. आणि एक सांगते, बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावू नका. डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते.

आता इतिहासाचं पुढचं पान. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा लागल्या. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. गर काढून गोठवायचे कारखाने आले, आइस्क्रीमवाले गर मागू लागले. चांगलंच झालं. बिनभावाच्या फळाला भाव आला. पण भाव आला तसं फळ बांधावरून बागेत गेलं, आणि बाग असते सातबाऱ्यावर. सातबाऱ्यावर नाव कुणाचं? काल जी बाई स्वतःची पाटी विकत होती, ती आज त्याच फळाची तोडणी रोजानं करते. व्यापारी बागेचा सौदा मालकाशी करतो.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी बोला. पहिली, लक्ष्मी मुक्ती योजना. नवऱ्यानं अर्ज केला, तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. तलाठ्याला विचारा. दुसरी, गटानं एकत्र माल काढायचा, लहान-मोठी फळं वेगळी करायची आणि काट्यावर वजन करून विकायची. पाटीवर नग मोजून द्यायचं बंद. तिसरी, नवी बाग लावताना बांधावरची जुनी झाडं तोडू देऊ नका. ती झाडं कुणाच्या कर्जात नाहीत, कुणाच्या सौद्यात नाहीत.

ज्या फळाला कुणी विचारत नव्हतं, तेव्हा ते आपण वेचलं, पिकवलं, विकलं. आता त्याला किंमत आली आहे, तर हिशोबाच्या वेळी आपण घरात नाही, काट्याजवळ उभं राहायचं. गटात काय ठरलं ते रेडिओला कळवा.