मोटारसायकल-निलंबन
मोटारसायकल-निलंबन : रस्त्यावरील खाचखळग्यांचे धक्के चालकापर्यंत सौम्य होऊन पोहोचावेत आणि चाकांचा जमिनीशी संपर्क टिकून राहावा, यासाठी योजलेली यंत्रणा. स्प्रिंग व अवमंदक हे तिचे प्रमुख भाग होत. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठविते. अवमंदकातील दट्ट्या तेल अरुंद छिद्रांतून ढकलतो व त्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते.

इतिहास : आरंभीच्या मोटारसायकली सायकलीच्या धर्तीवर बनविलेल्या असल्याने त्यांचे मागील चाक सांगाड्यात घट्ट बसविलेले असे. १९३५ मध्ये बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने आर १२ या गाडीस एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, तेलाने अवमंदन होणारा पुढील फोर्क बसविला. रॉयल एन्फील्ड कंपनीने १९४८ मध्ये बुलेटच्या नमुना-गाड्यांत मागील चाकासाठी झुलती भुजा योजली व त्यांची परीक्षा खडतर मार्गांवरील स्पर्धांत घेतली. ही गाडी १९५५ पासून मद्रास येथे जुळविली जाऊ लागली. म्हैसूर येथे जावा गाड्यांचे उत्पादन १९६१ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईत धक्काशोषक बनविणारी गॅब्रिएल इंडिया ही कंपनी स्थापन झाली.

कच्च्या मार्गांवरील शर्यतींनी पुढचा बदल घडविला. ल्यूसियाँ टिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याची मागे एकच अवमंदक योजण्याची कल्पना यामाहा कंपनीने स्वीकारली आणि तशा गाडीवर हॉकन अँडरसन या स्वीडिश स्पर्धकाने १९७३ चे २५० घ. सेंमी. गटाचे जागतिक विजेतेपद मिळविले. त्यानंतरच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांच्या मागील चाकाची हालचाल सु. १० सेंमी. वरून ३० सेंमी. पर्यंत वाढली. पुण्याजवळील चाकण येथे बनलेल्या केटीएम ड्यूक २०० या गाडीमुळे २०१२ मध्ये उलटा फोर्क व एकच मागील अवमंदक ही रचना सामान्य ग्राहकापर्यंत आली.

निगा : या प्रगतीबरोबर घरी करता येण्याजोग्या दुरुस्तीची मर्यादाही बदलली. जुन्या फोर्कला तळाशी तेल काढण्याचा स्क्रू असे. साध्या पान्यांनी तो उघडता येई. वर्धा जिल्ह्यातील हिंगणीच्या परिसरातील काळ्या जमिनीत उन्हाळ्यात बारीक धूळ, तर पावसाळ्यात पांदणीतून चिकट चिखल फोर्कच्या नळीवर बसतो. तो वाळून नळीवर घासला, की ऑइल सील फाटते व तेल पाझरू लागते. हे तेल ब्रेकवर उतरल्यास अपघात संभवतो. यास्तव प्रत्येक फेरीनंतर नळी ओल्या फडक्याने पुसणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले असे समजावे. तेल बदलताना गाडी भक्कम घोडीवर चढवून पुढील चाक अधांतरी ठेवतात, कारण वरचे टोपण स्प्रिंगच्या दाबाने उसळू शकते. दोन्ही नळ्यांत निर्मात्याने सांगितलेल्या श्यानतेचे तेल समान पातळीपर्यंत भरतात आणि फोर्क सावकाश वरखाली करून हवा काढून टाकतात. काढलेले तेल शेतात वा नाल्यात ओतू नये.

मागील वायुयुक्त अवमंदकाची गोष्ट वेगळी आहे. त्यात नायट्रोजन वायू बहुधा सु. १० बार दाबाखाली असतो. त्यामुळे तो घरी उघडणे धोक्याचे असते. स्वस्त गाड्यांतील अवमंदक तर बंद घडणीचे असून बिघडल्यास बदलावेच लागतात. अशा रीतीने फोर्कची निगा आजही गाडीमालकाच्या हाती राहिली असली, तरी मागील अवमंदक त्याच्या अंगणातून तज्ञाच्या कर्मशाळेत गेला आहे.