अपव्यापार ते वाहतूक

राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदातल्या इंग्रजी 'ट्रॅफिक'साठी हिंदी पाठात 'दुर्व्यापार' आहे, मराठी पाठात 'अपव्यापार'. दोन्ही शब्द घडवलेले, जरा अवघड, पण नेमके. माणूस विकला जातो, हे ते सांगतात. महाराष्ट्र पोलिसांच्या पाटीवर मात्र 'अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष' असे वाचायला मिळते. अनुवादक म्हणून मी या 'वाहतुकी'पाशी दर वेळी अडखळते. चौकातल्या सिग्नलवरच्या पोलिसाच्या शाखेचाही शब्द तोच!

शब्दाप्रमाणे नजर घडते. १९५६चा कायदा पोलीस ठाण्यात 'सिटा' म्हणून ओळखला जाई. १९८६च्या दुरुस्तीनंतर त्याचा 'पिटा' झाला. त्याने पोलिसांना शोधायला लावला तो मुख्यतः कुंटणखाना. त्यातून एक ठरीव रीत रुजली: खबर, बनावट ग्राहक, पंच, छापा. वॉरंटाशिवाय झडती घ्यायची तर दोन पंच हवेत, त्यांतली एक तरी बाई. सापडलेल्या मुलीचे वय डॉक्टरांकडून ठरवायचे, हे १९८६ला आले. पण गिऱ्हाईक बोलावणारी बाई आठव्या कलमाखाली गुन्हेगार राहिली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. तोच गुन्हा पुरुषाने केला तर, १९८६पासून, फार तर तीन महिने. म्हणजे एकाच खोलीत सापडलेली बाई पीडित की आरोपी, हे फिर्याद लिहिणारा कोणते कलम घालतो त्यावर ठरे.

२०१३ साली भारतीय दंड संहितेचे ३७०वे कलम नव्याने लिहिले गेले. आता जागेपेक्षा कृत्य महत्त्वाचे झाले: शोषणासाठी माणसाला भरती करणे, नेणे, ठेवून घेणे. पीडिताची संमती गैरलागू ठरली. नेणे हे त्यातले फक्त एक. स्वतःच्याच गावात विकली गेलेली मुलगीही यात बसते. 'वाहतूक' वाचणाऱ्याच्या मनात ती सहज येत नाही.

आणि वेठबिगार? घटनेने अपव्यापार व वेठबिगारी एकाच वाक्यात ठेवले होते. २०१३च्या अध्यादेशात शोषणाच्या व्याख्येत सक्तीची मजुरी होती. संसदेने कायदा केला तेव्हा ती गळली. मुकादमाची उचल घेऊन वीटभट्टीवर अडकलेले कुटुंब ठाण्यात आले, तर हा मजुरीचा वाद म्हणून हात झटकणे त्यामुळे सोपे होते. २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने या व्याख्येत भीक मागायला लावणे जोडले. सक्तीच्या मजुरीचे नाव तिथेही नाही.