विद्यामंदिराचें दार

बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ सालीं जमशेटजी टाटा ह्यांच्या देणगीच्या पायावर उभी राहिली. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कुमारी कमला भागवत ह्यांनीं जीवरसायनाच्या अभ्यासासाठीं तेथें प्रवेश मागितला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनीं, त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणास्तव, तो नाकारला. त्या माघारीं फिरल्या नाहींत. अखेर वर्षभर काम पाहून मगच निर्णय, ह्या अटीवर प्रवेश मिळाला. दूध व कडधान्यें ह्यांतील प्रथिनांवर संशोधन करून १९३६ सालीं त्यांनीं एम्. एस्सी. पदवी संपादिली. रामननींहि पुढें विद्यार्थिनींस प्रवेश देण्यास आरंभ केला. केंब्रिजमध्यें त्यांनीं वनस्पतींतील सायटोक्रोम-सी शोधून १९३९ सालीं डॉक्टरेट मिळविली. पुढें सोहोनी ह्या नांवानें त्या प्रसिद्धीस आल्या. विद्यामंदिर धनानें बांधतां येतें. त्याचें दार सर्वांस उघडण्यास मात्र एका विद्यार्थिनीची चिकाटीच कामीं आली.