फ्लॅश ब्रॅकेट म्हणजे काय? मजबूत आणि सोयीचा ब्रॅकेट कसा निवडावा?

कॅमेऱ्यावर वेगळा फ्लॅश बसवण्याची नेहमीची जागा म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरचा हॉट शू. फ्लॅश ब्रॅकेट वापरला की फ्लॅश तिथून निघून एका धातूच्या दांडीवर जातो. ब्रॅकेटचे एक टोक कॅमेऱ्याच्या तळाच्या ट्रायपॉडच्या भोकात स्क्रूने बसते आणि दुसऱ्या टोकाला फ्लॅश धरला जातो. बाजारात काही शे रुपयांच्या साध्या पट्टीपासून हजारो रुपयांच्या फिरत्या सांगाड्यापर्यंत अनेक प्रकार मिळतात. दिसायला सगळेच दणकट वाटतात, पण लग्नाच्या गर्दीत चार तास वापरल्यावर त्यांच्यातला फरक कळतो.

ब्रॅकेट कशासाठी लागतो?

मुख्य कारण आहे उभा फोटो. कॅमेरा आडवा असताना हॉट शूवरचा फ्लॅश लेन्सच्या वर असतो आणि माणसाची सावली त्याच्या मागे, खाली पडते. उभ्या फोटोसाठी कॅमेरा वळवला की फ्लॅश लेन्सच्या बाजूला जातो आणि सावली भिंतीवर एका कडेला उमटते.

हे साध्या हिशेबाने समजते. माणूस कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर आणि भिंत त्याच्या मागे १ मीटरवर आहे असे धरू. फ्लॅश लेन्सपासून २० सेंटिमीटर बाजूला असेल, तर डोक्याच्या कडेने भिंतीवर सुमारे ७ सेंटिमीटर रुंद काळी पट्टी दिसेल. तोच फ्लॅश लेन्सच्या बरोबर वर ३० सेंटिमीटरवर नेला, तर सावली सुमारे १० सेंटिमीटर खाली सरकेल. ती मान आणि खांद्यांच्या मागे जाते, त्यामुळे फोटोत जवळजवळ दिसत नाही.

दुसरे कारण डोळ्यांतला लाल ठिपका. फ्लॅश लेन्सच्या फार जवळ असला की प्रकाश डोळ्याच्या बाहुलीतून आत जाऊन मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरावरून थेट लेन्सकडे परततो. ३ मीटर अंतरावर लेन्सपासून १० सेंटिमीटर वरचा फ्लॅश जेमतेम २ अंशांचा कोन करतो, तर ३० सेंटिमीटर वरचा फ्लॅश साडेपाच अंशांहून थोडा अधिक. अंतर ६ मीटर झाले की हा कोन निम्मा होतो. म्हणून दूरच्या फोटोत ब्रॅकेटचा फायदा कमी होतो.

ब्रॅकेटमुळे प्रकाश मऊ मात्र होत नाही. सावलीची कडा किती मऊ असेल हे प्रकाशाच्या स्रोताचा आकार आणि त्याचे अंतर यांवर ठरते. फ्लॅश २० सेंटिमीटर सरकवला म्हणून त्याचा आकार वाढत नाही. ब्रॅकेट सावलीची जागा बदलतो, तिचा कडकपणा नाही.

कोणाला गरज आहे आणि कोणाला नाही?

पांढऱ्या, बेताच्या उंचीच्या छताचा हॉल असेल, तर फ्लॅशचे डोके छताकडे वळवून प्रकाश परावर्तित करणे जास्त चांगले. त्यासाठी ब्रॅकेट लागत नाही. घरगुती समारंभ, मुलांचे वाढदिवस, लहान कार्यालयातले कार्यक्रम बहुतेक वेळा असेच निभावतात.

अडचण येते ती मोकळ्या लॉनवर किंवा कापडी मंडपात. लॉनवर छतच नसते. लाल-पिवळ्या कापडावरून परतलेला प्रकाश चेहऱ्यावर तोच रंग घेऊन येतो. अशा वेळी फ्लॅश थेट मारावा लागतो. सहायकाच्या हातात किंवा स्टँडवर वेगळा लाइट ठेवणे हा उत्तम उपाय, पण अंतरपाटाभोवती करवल्या, मामा आणि भटजी दाटीवाटीने उभे असताना स्टँडला जागा मिळत नाही आणि कोणाचा तरी पाय त्यात अडकण्याची भीती असते. अंतरपाट दूर होऊन हार पडतो तो क्षण पुन्हा घेता येत नाही. तिथे कॅमेऱ्यासोबत हलणारा आणि आडव्या-उभ्या दोन्ही फोटोंत लेन्सच्या वर राहणारा फ्लॅश कामाला येतो.

ब्रॅकेटचे प्रकार

*सरळ किंवा एल आकाराची पट्टी:* हा सर्वांत साधा आणि स्वस्त प्रकार. कॅमेऱ्याखाली आडवी पट्टी, डाव्या टोकाला मूठ आणि तिच्यावर फ्लॅश. १९४०च्या दशकातल्या ग्राफ्लेक्ससारख्या प्रेस कॅमेऱ्यांना फ्लॅशची नळी अशीच बाजूला लावलेली असे. (१९७७च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातली ल्यूकची प्रकाशतलवार याच ग्राफ्लेक्सच्या मुठीपासून बनवली होती.) या पट्टीत आडव्या फोटोत फ्लॅश डावीकडे राहतो. उभ्या फोटोत कॅमेऱ्याची उजवी मूठ खाली ठेवली तरच तो वर येतो. मूठ वर ठेवण्याची सवय असेल तर फ्लॅश लेन्सच्या खाली जातो आणि चेहऱ्यावर खालून विचित्र प्रकाश पडतो.

*फ्लॅश फिरवणारा ब्रॅकेट:* यात कॅमेरा वळवल्यावर वरची दांडी ९० अंशांत फिरवून फ्लॅश पुन्हा लेन्सच्या वर आणता येतो. वजन, किंमत आणि उपयोग यांचा मेळ बघता समारंभाच्या कामाला हा प्रकार बहुतेकांना पुरतो.

*कॅमेरा फिरवणारा ब्रॅकेट:* यात फ्लॅश जागेवर राहतो आणि कॅमेराच पाळण्यासारखा आडवा-उभा होतो. हा वापरायला सर्वांत सोपा, पण जड आणि महाग असतो. लेन्स मोठी असेल तर पाळण्यात ती अडत नाही ना, हे पाहावे लागते.

*मॅक्रो ब्रॅकेट:* फुले किंवा कीटक अगदी जवळून टिपण्यासाठी याला वाकणारे एक किंवा दोन हात असतात. हे हात लहान फ्लॅशसाठी असतात. समारंभाचा मोठा फ्लॅश त्यांवर हळूहळू खाली झुकतो.

मजबुती कुठे पाहावी?

ब्रॅकेट ही एक तरफ आहे. कॅननचा ६००ईएक्स-आरटी हा फ्लॅश बॅटरीशिवाय ४२५ ग्रॅमचा आहे. चार सेल घातल्यावर तो अर्धा किलोच्या वर जातो. एवढे वजन २० सेंटिमीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला असले की बुडाच्या सांध्यावर, १० सेंटिमीटरवर किलोभर वजन टांगल्याइतका पीळ येतो. चालताना आणि झटक्यात कॅमेरा वळवताना तो आणखी वाढतो. म्हणून पट्टी तुटण्याआधी सांधा ढिला पडतो. तपासणी सांध्यापासूनच सुरू करावी.

कॅमेऱ्याखालचा स्क्रू: आजच्या जवळपास सर्व कॅमेऱ्यांच्या तळाला पाव इंची आटे असतात. एकाच स्क्रूवर धरलेला कॅमेरा गोल फिरू शकतो आणि स्क्रू ढिला होतो. त्यामुळे प्लेटला मागे उभी कड, छोटी खीळ किंवा चांगले रबरी पॅड हवे. पॅड फार मऊ आणि जाड असेल तर स्क्रू घट्ट करूनही कॅमेरा डुलतो. पातळ, कडक रबर किंवा कॉर्क चांगले. स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल तर तो भोकाच्या तळाला टेकतो. घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण प्लेट आवळली जात नाही. जोर लावल्यास कॅमेऱ्याचेच नुकसान होते.

फिरणारा सांधा: दोन्ही टोकांच्या स्थितीत दांडी खट् आवाज करून खटक्यात बसली पाहिजे. केवळ घर्षणावर थांबणारा सांधा काही महिन्यांत झिजून सरकू लागतो. सांधा रिव्हेटने कायमचा बंद केलेला नसावा. नट-बोल्टचा असेल तर ढिला झाल्यावर अॅलन कीने पुन्हा आवळता येतो.

पट्टीची जाडी: पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३ मिलिमीटरऐवजी ४ मिलिमीटरची पट्टी घेतली तर ती सव्वादोन पटींहून अधिक ताठ होते, वजन मात्र एक तृतीयांशानेच वाढते. त्याच जाडीची पोलादी पट्टी अॅल्युमिनियमपेक्षा जवळपास तिप्पट ताठ असते, पण वजनही तितकेच वाढते. हातात धरायच्या वस्तूसाठी जाड अॅल्युमिनियम हा योग्य मध्यममार्ग. दाब येणाऱ्या ठिकाणी प्लॅस्टिक नसावे.

लांबी: दांडीची लांबी दुप्पट केली तर टोकाचे वाकणे आठपट होते. दुर्बिणीसारखी लांब होणारी दांडी पूर्ण उघडून वापरायची नसेल, तर तिचा मोह टाळावा.

फ्लॅशचा शू: वरच्या टोकाचा कोल्ड शू धातूचा असेल तर फ्लॅशच्या तळाचे संपर्कबिंदू त्याला टेकून शॉर्ट होऊ शकतात. मग फ्लॅश आपोआप उडतो किंवा उडतच नाही. आत प्लॅस्टिकचे अस्तर असलेला शू घ्यावा, नाहीतर इन्सुलेशन टेपचा तुकडा लावावा.

सोय म्हणजे काय?

मजबूत ब्रॅकेट गैरसोयीचा असेल तर तो बॅगेतच राहतो. पुढच्या गोष्टी स्वतःचा कॅमेरा लावूनच कळतात:

- बॅटरी आणि कार्डाचे झाकण ब्रॅकेट न काढता उघडते का?
- बाजूला उघडणारा स्क्रीन डाव्या उभ्या दांडीला अडतो का?
- लहान मिररलेस कॅमेऱ्यावर रुंद प्लेट लेन्सच्या कड्याला घासते का?
- झूमची रिंग आणि दांडी यांच्यामध्ये बोटांना जागा उरते का?
- दांडी डाव्या हाताच्या एका हालचालीत, नजर न काढता फिरते का?
- ट्रायपॉडवर जाण्यासाठी ब्रॅकेटच्या तळालाही आटे आहेत का?

वजनही मोजावे. पूर्ण आकाराचा डीएसएलआर, २४-७०ची लेन्स आणि फ्लॅश मिळून दोन किलोंच्या पुढे जातात. त्यावर ७०० ग्रॅमचा ब्रॅकेट चढला की सायंकाळपर्यंत मनगट बोलू लागते. थकलेल्या हाताने कॅमेरा हलतो, म्हणून जास्त जड म्हणजे जास्त चांगला असे नसते.

फ्लॅशची जोडणी

हॉट शूवरून फ्लॅश काढला की कॅमेऱ्याशी त्याचा संपर्क तुटतो. तो दोन प्रकारे जोडता येतो.

पहिला मार्ग टीटीएल कॉर्डचा. लेन्समधून आलेला प्रकाश मोजून फ्लॅशची ताकद ठरवण्याची सोय यात कायम राहते. कॉर्ड कॅमेऱ्याच्या कंपनीप्रमाणे घ्यावी लागते. कॅननची ओसी-ई३ निकॉनला चालत नाही आणि निकॉनची एससी-२८ कॅननला. सोनीने २०१२ साली शूची रचना बदलली, त्यामुळे जुने सामान जोडताना अॅडॉप्टर लागतो. कॉर्डची लोंबती वळी लेन्ससमोर येणार नाही अशी बांधावी.

दुसरा मार्ग रेडिओ ट्रिगरचा. यात वायर नसते, पण हॉट शूवर बसलेला ट्रिगर फिरणाऱ्या दांडीच्या आड येत नाही ना, हे पाहावे. कॅननच्या ईओएस २००डी मार्क टूसारख्या काही मॉडेलांच्या हॉट शूला मधला संपर्कबिंदूच नाही. फक्त त्या बिंदूवर चालणारे साधे ट्रिगर त्यांवर काम करत नाहीत.

घरातला जुना फ्लॅश वापरणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. काही जुन्या फ्लॅशच्या ट्रिगर सर्किटमध्ये २०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो. तो आजच्या कॅमेऱ्यातले इलेक्ट्रॉनिक सर्किट जाळू शकतो. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतली मर्यादा पाहिल्याशिवाय असा फ्लॅश जोडू नये.

दुकानात करायची चाचणी

स्वतःचा कॅमेरा, सर्वांत जड लेन्स आणि सेल घातलेला फ्लॅश सोबत न्यावा. सगळे बसवून स्क्रू आवळल्यावर प्लेट आणि कॅमेरा यांच्या सीमेवर कागदी टेपचा तुकडा लावून पेन्सिलने सरळ रेघ मारावी. मग कॅमेरा वीस वेळा आडवा-उभा करावा, प्रत्येक वेळी दांडी फिरवावी. रेघ तुटलेली दिसली तर कॅमेरा सरकतो आहे. कॅमेरा एका हाताने घट्ट धरून फ्लॅश दोन बोटांनी हलवून पाहावा. थोडी लवचीक थरथर चालते, पण टकटक असा ढिलेपणा चालत नाही. ऑनलाइन घेतला असेल तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी घरीच ही चाचणी करावी.

वापरताना

कॅमेरा उचलताना फ्लॅशची दांडी धरू नये. दर कार्यक्रमापूर्वी सर्व स्क्रू एकदा आवळावेत. न उघडणाऱ्या सांध्यांच्या बोल्टला पुन्हा सुटू शकणारे निळे थ्रेड-लॉकर थेंबभर लावले तरी चालते, पण हाताने फिरवायच्या नॉबला नाही. फ्लॅशला एक छोटी दोरी बांधून ती ब्रॅकेटला अडकवावी. शू निसटला तरी फ्लॅश कोणाच्या डोक्यावर किंवा फरशीवर पडणार नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*फ्लॅशवर सॉफ्टबॉक्स लावायचा असेल तर?*
चालेल, पण पुढे आलेल्या वजनामुळे फ्लॅश झुकतो. हलका, घडीचा सॉफ्टबॉक्स घ्यावा आणि चाचणी तो लावूनच करावी.

*मोबाइलचा पिंजरा किंवा व्हिडिओ लाइटची पट्टी चालेल का?*
त्या बहुधा हलक्या एलईडी लाइटसाठी असतात. अर्धा किलोचा फ्लॅश त्यांवर टिकेल असे गृहीत धरू नये.

*पैसे कमी असतील तर काय घ्यावे?*
नाजूक सांध्यांच्या स्वस्त फिरत्या ब्रॅकेटपेक्षा जाड, साधी एल पट्टी चांगली. उभ्या फोटोत कॅमेऱ्याची उजवी मूठ खाली धरण्याची सवय लावून घेतली, की तीही फ्लॅश लेन्सच्या वर ठेवते.